कापडातल्या मेट्रनबाई

मेट्रनबाईंचं नाक मी जाळलं.

एवढंच वाचून कोणी पोलिसांकडे निघण्याआधी सांगून टाकतो, नाक कापडाचं होतं, आणि मेट्रनबाई त्याआधीच वारलेल्या होत्या. टेबलावर त्यांचा चेहरा पसरलेला होता, नाक जरा चुरगळल्यासारखं वाटत होतं, शेजारी इस्त्री तापलेली होती आणि माझ्या अंगात मदत करण्याची लहर आली. ही लहर मला क्वचित येते. आली की आमच्या घरातली माणसं आधी काचेच्या वस्तू उचलून ठेवतात. पण हे घर माझं नव्हतं, थोरल्या दादाचं होतं, आणि वहिनी नेमक्या स्वयंपाकघरात होत्या. मी इस्त्री नाकावर टेकवली. चर्र झालं. इस्त्री उचलली तर तिच्याबरोबर नाकही वर आलं. खाली कपाळ जागच्या जागी, गाल जागच्या जागी, डोळे माझ्यावर रोखलेले, आणि मध्ये एक भोक.

वहिनी वासावरूनच आल्या. रागावल्या की त्या बोलतात. फार रागावल्या की बोलत नाहीत, नुसतं काम करतात. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, माझ्या मांडीवर एक उशी ठेवली आणि म्हणाल्या, "भावोजी, दोन्ही हात यावर ठेवा. उचलू नका."

मी माझ्या नातवंडांसमोर तसाच बसून राहिलो असतो तर माझी अब्रू गेली असती. सुदैवाने तिथे फक्त दादा होता, आणि त्याने लग्न झाल्यापासून अशा बऱ्याच उशा मांडीवर घेतलेल्या आहेत.

आता हे नाक तिथे आलं कुठून, ते सांगतो.

आमच्या वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखोलीत नोकरीला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. शिवणखोली तळघरात होती, लाँड्रीला लागून. छताखालून जाड नळ गेलेले, भिंतींना वाफेची ओल, आणि खिडकी इतकी उंचावर की तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. वहिनी अजूनही निम्म्या शहराला बुटांवरून ओळखतात. चेहऱ्याकडे नंतर बघतात, तेही खात्री करून घ्यायला. त्या खोलीत त्यांनी चादरी शिवल्या, मधोमध विरलेल्या चादरी कापून उशांच्या खोळी केल्या, खोळी विरल्या की त्यांची फडकी केली. विनय हा प्रकार मात्र तिथे कोणी त्यांना शिकवला नाही. पट्टीने आखलेल्या रेघेपासून त्यांची शिवण कधी जरा हटली, तर त्या पट्टी उलटीपालटी करून बघतात.

मेट्रनबाई या इस्पितळातल्या सगळ्या नर्सेसच्या मुख्य. बुटक्या, रुंद कपाळाच्या, आणि दोन भुवयांच्या मध्ये एक उभी घडी, इस्त्रीने पाडल्यासारखी. त्या तळघरात यायच्या, गठ्ठ्यातली कुठलीही एक चादर उपसायच्या, दोन अंगठ्यांत शिवण धरून ताणायच्या. शिवणीने जरा दात दाखवले, म्हणजे टाके उघडे पडले, की अख्खा गठ्ठा परत. वहिनी चडफडत, मागे काय काय बोलत, आणि सगळा गठ्ठा उसवून पुन्हा शिवत. या दोघींमध्ये इतक्या वर्षांत चादरींखेरीज कशावरही बोलणं झालं नाही. पण मेट्रनबाई गेल्याची बातमी आली त्या दिवशी वहिनींनी मशीन उघडलं नाही. दादाने विचारलं तर म्हणाल्या, सुई बोथट झालीय.

निवृत्त झाल्यावर वहिनींना चेहऱ्यांचा नाद लागला. इस्पितळातून बाद झालेलं कापड त्यांनी गोळा करून ठेवलेलं होतंच. त्यातून त्या गोधड्या करायला लागल्या, आणि गोधडीवर तुकड्यांनी माणसं. पहिली गोधडी झोपलेल्या दादाची. दादा दुपारी तीच पांघरून झोपतो, त्यामुळे त्या पलंगावर एकाच वेळी दोन दादा घोरत असल्यासारखे दिसतात. माझी बायको म्हणते, जाऊबाईंनी काढलेला जास्त शहाणा वाटतो.

मग इस्पितळाची नवी इमारत झाली. दारातून आत गेल्यागेल्या समोर एक मोठी भिंत होती, आणि तिच्यावर मेट्रनबाईंचं चित्र असावं असं समितीने ठरवलं. इथे मी शिरलो. मी एका साप्ताहिकात चार हलक्याफुलक्या गोष्टी लिहितो. त्यामुळे समितीच्या अध्यक्षांची अशी समजूत आहे की मी संस्कृतीतला माणूस आहे. त्यांनी मला बोलावलं, मी वहिनींच्या गोधडीची शिफारस केली, ते म्हणाले, छान, कापडातलं चित्र, आणि त्यात आपली सांस्कृतिक प्रतीकं हवीत. मी मान हलवली. ते म्हणाले, भव्य हवं. मी मान हलवली. ते म्हणाले, आणि चेहरा हसरा हवा, नाहीतर आपला मोठा केलेला फोटो आहेच. मी तेव्हाही मान हलवली. माझ्या मानेचा नाही म्हणायचा सांधा जन्मतःच आखडलेला आहे.

दादाच्या घरी जाऊन मी वहिनींना भिंतीचं सांगितलं, प्रतीकांचं सांगितलं. हसण्याचं पुढे कधीतरी सांगू म्हटलं.

भिंतीचं ऐकून वहिनींनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "आजवर मी जे शिवलं त्यावर लोक झोपले. एकदा काहीतरी असं शिवायचंय की लोकांनी उभं राहून बघावं."

वहिनींनी एवढ्या वर्षांत माझ्याकडे कसली इच्छा बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. मी भारावलो, आणि भारावल्यामुळे दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या घरी जाऊन सल्ला द्यायला लागलो.

पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या दारांवर वहिनींनी जुनं, लव उठलेलं फ्लॅनेल ताणून बसवलं होतं. कापडाचा तुकडा त्यावर नुसता टेकवला तरी चिकटून राहतो. त्यामुळे चेहरा रोज लावता येई, रोज मोडता येई. दादाला मात्र धुतलेला शर्ट हवा असला की मेट्रनबाईंचे कपाळाच्या मधोमध दोन भाग करून कपाट उघडावं लागे. मेट्रनबाईंचा एकच फोटो मिळाला होता, तोही शंभर माणसांच्या घोळक्यातला. तो मोठा करून आणल्यावर त्यात चेहऱ्याऐवजी नुसते अंधार-उजेडाचे ठिपके उरले. मला वाटलं, कारभार आटोपला. वहिनींना तेच हवं होतं. त्यांनी गाल केले ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कापडाचे, हनुवटीखालची सावली केली गडद निळ्या पट्ट्यांची, कपाळ जुन्या पांढऱ्या चादरीचं. मी म्हटलं, वहिनी, बाई हिरव्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, रंग बघू नका, कुठे गडद आणि कुठे फिकं तेवढं बघा, आणि जवळून बघूच नका.

लांबून बघण्याचीच अडचण होती. खोली एवढीशी, मागे सरकावं तर पाठीला पलंग. त्यावर वहिनींनी काढलेली युक्ती त्यांनाच सुचावी. बाहेर कोण आलंय ते बघायला घराच्या दाराला भिंगाचं भोक असतं ना, त्यातून बाहेरचं सगळं बारीक आणि लांब दिसतं. वहिनी तुकडे एका चादरीला टाचत, दादाला ती चादर देऊन बाहेर जिन्यावर उभं करत, दार लावून घेत आणि भोकाला डोळा लावत. मग आतून हुकूम सुटायचे. अहो, वर घ्या. अहो, डाव्या कानाला हात नका लावू. दादा चादरीच्या मागे पूर्ण झाकलेला असायचा. वरच्या मजल्यावरचे लोक येताजाता आधी मेट्रनबाईंना आणि मग चादरीखाली दिसणाऱ्या दादाच्या पायांना नमस्कार करून जायचे. मीही एकदा भोकातून पाहिलं. हिरवा रंग कुठल्या कुठे गेला होता आणि तिथे गाल आला होता. मी घाबरून डोळा काढला.

माझ्याकडे प्रतीकांचं खातं होतं. मी चार पुस्तकं चाळली, कमळ काढलं, सूर्य काढला, समई काढली, कबूतर काढलं. कमळ बघून वहिनींनी विचारलं, "कोबी कशाला?" समई आणि सूर्य त्यांनी कडेला टाचले, कबुतराला मात्र चांगली मोठी जागा दिली. पुढे कळलं की त्या जागी कापडावर औषधाचा डाग होता आणि तो कशाने तरी झाकायचाच होता.

आणि या सगळ्यात मी नाक जाळलं.

नाकाच्या शेंड्यावरचा उजेड दाखवायला त्यांनी एका जुन्या कोटाच्या अस्तराचा चकचकीत तुकडा लावला होता. तसलं कापड इस्त्रीखाली वितळतं हे मला आता माहीत आहे. तो तुकडा एकच होता. वहिनींनी सगळ्या पिशव्या जमिनीवर उपड्या केल्या, मी उशीवर हात ठेवून बघत राहिलो. शेवटी त्यांना हवा तेवढा फिका असा एकच तुकडा सापडला, चादरीचा कोपरा. पण त्याच्यावर लाल दोऱ्याची एक बारीक चांदणी भरलेली होती.

ही चांदणी काय, ते दादाने मला सांगितलं. लाँड्रीत गठ्ठे मिसळायचे, आणि तिथल्या बऱ्याच माणसांना तेव्हा वाचता यायचं नाही. म्हणून शिवणखोलीत प्रत्येक वॉर्डच्या कापडावर एक खूण भरत. बायकांच्या वॉर्डला चांदणी, मुलांच्या वॉर्डला मासा, हाडं मोडलेल्यांच्या वॉर्डला झाड, ऑपरेशन थिएटरला किल्ली. इस्पितळात कोणी वॉर्डचा नंबर सांगत नसे. नर्सेससुद्धा म्हणत, आज माझी माशाला ड्यूटी आहे, आणि बरं होऊन घरी गेलेली पोरं मोठेपणी सांगत, मी लहानपणी माशात होतो.

वहिनींनी तो कोपरा नाकाच्या जागी धरून पाहिला. चांदणी थेट शेंड्यावर येत होती. मी म्हटलं, मेट्रनबाईंच्या नाकावर चांदणी बरी दिसणार नाही. वहिनींनी तुकडा जरा फिरवला, चांदणी नाकपुडीच्या सावलीत गेली, आणि मग त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझी समई उसवलेली होती, सूर्य उसवलेला होता, आणि चेहऱ्याभोवतीच्या मोकळ्या जागेत लाल दोऱ्याने मासे, झाडं, किल्ल्या आणि चांदण्या भरायला सुरुवात झाली होती. पांढऱ्या टोपीच्या कडेने बारीक माशांची ओळ गेली होती. मला ते इतकं आवडलं की ही कल्पना माझ्या इस्त्रीतून निघाली असं मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंसुद्धा. कबूतर जागेवर होतं. डाग मोठा होता.

एवढ्यात रस्त्यात मला अध्यक्ष भेटले आणि त्यांनी विचारलं, हसऱ्या आहेत ना? मी मान हलवली आणि तसाच तडक वहिनींकडे गेलो, कारण आता सांगण्यावाचून सुटका नव्हती.

वहिनींनी टाका पुरा केला, दोरा तोडला आणि विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, तसं सुरुवातीपासून. मग मी स्वतःहून उशी उचलून मांडीवर घेतली.

मेट्रनबाईंचे दात आपण नोकरीभर पाहिले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. पण भिंत हवी होती. नाही म्हटलं तर तिथे तो ठिपक्यांचा फोटो लागणार होता. त्या आठवडाभर तोंडाशी झटत होत्या. ओठांचे कोपरे वर उचलले, गालांखाली फिके तुकडे सरकवले, आणि भुवयांमधली घडी काढून टाकली. बाई हसल्या. मला तर फारच गोड वाटल्या. मी म्हटलं, वहिनी, साक्षात करुणा.  त्यांनी खळकाकांना चहाला बोलावलं.

खळकाका लाँड्रीत चादरींना खळ लावायचे. जन्मभर खळीत वावरून ते स्वतःही ताठ झालेत, बसताना मोडतील असं वाटतं. मेट्रनबाईंची सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला माणूस म्हणून वहिनींचा त्यांच्यावर भरवसा होता. काकांनी चित्राकडे पाहिलं, चहा घेतला, पुन्हा पाहिलं आणि अदबीने विचारलं, कोण म्हणायच्या या, तुमच्या माहेरच्या का?

 दादाने सांगितलं कोण आहेत ते. काका जवळ गेले, लांब गेले, मान तिरकी केली. मग म्हणाले, "शिवणबाई, नाक-डोळे त्यांचेच आहेत. पण हिच्याकडे रजा मागायला मी भ्यालो नसतो."

ते गेल्यावर वहिनींनी कात्री घेतली आणि ओठांपासून उसवायला सुरुवात केली. मी घाईघाईने समितीची बाजू मांडायला लागलो. प्रसंगी माणूस हसराच बरा, नवीन रुग्णांना धीर वाटेल, वगैरे. दादा एरवी या खोलीत तोंड उघडत नाही, पण त्यालाही राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, "अगं, भिंत जाईल."

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "भिंतीसाठी भलतीच बाई लावून येऊ?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण कात्री टाका सोडून कापडातच शिरली. त्यांची कात्री चुकलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि माझं करुणेवरचं पुढचं वाक्य गिळलं.

मग बरेच दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मला बोलावलंही नाही. गेलो तेव्हा दार बंद होतं आणि दादा घडी केलेली चादर हातात धरून जिन्यावर उभा होता, म्हणजे आत वहिनी भोकाला डोळा लावून होत्या. मी त्याच्या शेजारून सरकून दारातून आत गेलो, चेहरा काही पाहायला मिळाला नाही. वहिनींनी दार पुन्हा लावलं आणि खूण केली, गप्प. खळकाका येणार होते. आज त्यांना काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. वहिनी भोकाला डोळा लावून श्वास धरून उभ्या. पावलं वर वर आली आणि एकदम थांबली. मग काहीच नाही. मला राहवेना, मी खुणेने विचारलं, काय झालं. वहिनींनी बाजूला सरकून मला डोळा लावू दिला.

भोकातून जिना लांब आणि वाकडा दिसत होता. अलीकडे चादर धरून उभा असलेला दादा पाठमोरा होता, कारण वहिनींनी त्याला त्या दिवशी चेहरा जिन्याकडे करून धरायला लावला होता. पलीकडे, चादरीच्या कडेने दिसत होते, शेवटच्या पायरीच्या खाली खळकाका. त्यांनी जळती सिगारेट मुठीत लपवून हात पाठीमागे नेला होता. दुसऱ्या हाताने ते शर्टाचं वरचं बटण लावत होते. बटण लागलं, आणि मग कुठे त्यांना चादरीखालचे दादाचे पाय दिसले असावेत, कारण ते पायरीवरच खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मुठीतल्या सिगारेटचा त्यांना चांगलाच चटका बसला होता.

मी वळलो तर वहिनी नाक पुसत होत्या. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, सर्दी झालीय.

मग मी चेहरा पाहिला. ओठ सरळ होते. भुवयांच्या मध्ये गडद निळ्या पट्टीचा एक बारीकसा तुकडा परत आला होता, उभा. मी उगाचच शर्ट खाली ओढला.

तरी भिंतीचं भय होतंच. गोधडी झाकूनच नेली, झाकूनच टांगली. समारंभाला वहिनी सगळ्यात मागच्या रांगेत, दादा एका बाजूला, मी दुसऱ्या. मी माझं भाषणही बरोबर नेलं होतं, समितीने हरकत घेतलीच तर वाचायला. त्यात तीन ठिकाणी करुणा हा शब्द होता. अध्यक्षांनी एक हात खिशात घालून बोलायला सुरुवात केली. म्हणाले, सदैव हसतमुख अशा आपल्या, आणि दोरी ओढली.

पडदा पडला. अध्यक्षांनी मागे वळून वर पाहिलं. खिशातला हात बाहेर आला.   पुढच्या रांगांमधल्या नर्सेसचे हात एकापाठोपाठ एक टोप्यांकडे गेले, आणि एक म्हातारी निवृत्त नर्स शेजारणीला अगदी हळू म्हणाली, आल्या. मग लोक उठले. कोणी सांगितलं नव्हतं, पण उठले, आणि उभेच राहून बघत राहिले. कोणी मासा शोधत होतं, कोणी किल्ली. एक गृहस्थ आपल्या बायकोला झाड दाखवून स्वतःचा गुडघा दाखवत होते. कबुतराबद्दल दोघांनी मला विचारलं. मी म्हटलं, शांतता.

वहिनी मागेच बसून होत्या. उठल्या नाहीत. सगळ्यांच्या पाठी बघत होत्या.

गर्दी पांगल्यावर अध्यक्ष माझ्याजवळ आले. बोलताना त्यांनी भिंतीकडे पाठ ठेवली होती आणि आवाज इतका बारीक होता की मला खाली वाकावं लागलं. म्हणाले, काढा असं मी म्हणत नाही, आता ते शक्यही नाही, पण हसऱ्या ठरल्या होत्या ना? उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? मी सवयीने मान हलवली, आणि वहिनींकडे गेलो.

म्हटलं, वहिनी, अध्यक्ष विचारतायत, बाई हसत का नाहीत, काय सांगू त्यांना?

वहिनी म्हणाल्या, "म्हणावं, तुम्ही हसवून दाखवा."